पाच-शून्य : कलकत्त्याच्या एका अंतिम सामन्याची हकिकत

३० सप्टेंबर १९७५ रोजी कलकत्त्याच्या मैदानावर आय. एफ. ए. शील्ड या फुटबॉल स्पर्धेचा जो अंतिम सामना झाला, त्यात ईस्ट बंगाल क्लबाने मोहन बागानचा पाच गोलांनी पराभव केला आणि पराभूत पक्षाला एकही गोल फेडता आला नाही. या दोन क्लबांची गाठ १९२१ पासून आजवर शेकडो वेळा पडली आहे. २००९ साली मोहन बागाननेही ईस्ट बंगालच्या जाळ्यात पाच वेळा चेंडू घातला, परंतु त्या दिवशी ईस्ट बंगालने तीन गोल परत केले होते. पाच गोलांचे निखळ अंतर पडले ते १९७५ च्या त्या एका संध्याकाळी, आणि आज साठी-सत्तरीत असलेल्या कोणत्याही बंगाली गृहस्थासमोर नुसते ‘पाच-शून्य’ एवढे उच्चारले, की स्पर्धेचे नाव किंवा साल सांगण्याची गरज पडत नाही.

हा सामना त्यातील चपळ चढायांसाठी वा नेमबाजीसाठी स्मरणीय आहेच. पण माझ्या मते त्याचे खरे मोल, ज्यांच्या वतीने ते गोल झाले आणि ज्यांच्यावर ते झाले त्या दोन समाजांच्या पूर्वेतिहासात आहे, आणि तो पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर एका क्रीडास्पर्धेच्या निकालाने एवढे मोठे शहर हादरावे कसे, याचा उलगडा होत नाही.

मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची, म्हणजे कलकत्ता ही हिंदुस्थानची राजधानी असण्याच्या काळातली. उत्तर कलकत्त्यातील प्रतिष्ठित बंगाली कुटुंबांच्या आश्रयाने वाढलेल्या या क्लबाने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, आणि १८९३ साली सुरू झालेली ही स्पर्धा प्रथमच एतद्देशीयांच्या हाती आली. रेव्हरंड सुधीर चॅटर्जी यांचा अपवाद सोडला तर त्या संघातील सर्व खेळाडू अनवाणी पायांनी खेळले होते. पहिला गोल गोऱ्या संघाचा झाला. त्यानंतर कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी निर्णायक गोल केला. वंगभंगाची चळवळ ताजी असताना मिळालेल्या या विजयाने मोहन बागान हे नाव एका खेळाच्या मंडळाचे न राहता राष्ट्रीय अभिमानाचे झाले, आणि हा मान त्या क्लबाने आजतागायत वारसाहक्काच्या मिळकतीप्रमाणे जपून ठेवला आहे.

ईस्ट बंगालचा जन्म एका मानापमानातून झाला. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकाच्या स्पर्धेत मोहन बागान आणि जोडाबागान यांचा सामना होता. जोडाबागानच्या कारभाऱ्यांनी शैलेश बोस या बचावपटूला संघातून वगळले, आणि त्यांना घेण्याचा आग्रह धरूनही तो मानला गेला नाही म्हणून क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी पद सोडले. पूर्व बंगालच्या माणसाला कलकत्त्यात दुय्यम लेखतात, ही भावना त्यामागे होती. म्हणून १ ऑगस्ट १९२० रोजी जो नवा क्लब निघाला त्याचे नावच ‘पूर्व बंगाल’ असे ठेवण्यात आले. तेव्हाच्या कलकत्ता लीगच्या पहिल्या श्रेणीत दोनच भारतीय संघांना जागा मुक्रर होती. ती मर्यादा उठवण्यास बहुतेक गोरे क्लब अनुकूल होते आणि मोहन बागान मात्र प्रतिकूल होते, असे ईस्ट बंगालच्या इतिहासात नमूद आहे, आणि ही गोष्ट त्या क्लबाची माणसे अद्यापि विसरलेली नाहीत. अखेर १९२५ साली प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी २८ मे रोजी लीगमधील पहिल्याच भेटीत ईस्ट बंगालने नेपाल चक्रवर्ती यांच्या एका गोलाने मोहन बागानला हरवले.

येथपर्यंतची हकिकत दोन क्लबांमधील ईर्ष्येची आहे, आणि अशी ईर्ष्या आपल्याकडेही आहे. कोल्हापुरात ज्या दिवशी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम समोरासमोर येतात, त्या दिवशी पेठेतल्या घराघरांत काय वातावरण असते, हे करवीरकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु पेठ जागच्या जागी असते; सामना हरला तरी माणूस आपल्या गल्लीत, आपल्या घरी परततो. १९४७ च्या फाळणीनंतर ईस्ट बंगालचे जे समर्थक झाले, त्यांच्यापैकी लक्षावधी लोकांना परतण्यासाठी गावच उरले नव्हते. ढाका, बारिशाल, मैमनसिंग, नोआखाली या जिल्ह्यांतून निघालेली कुटुंबे सियालदह स्थानकाच्या फलाटांवर महिनोन्‌महिने पडून होती, आणि तेथून पुढे जादवपूर, विजयगड अशा कलकत्त्याच्या दक्षिण सीमेवरील पडीक जमिनींवर त्यांनी आपल्या हातांनी वसाहती उभ्या केल्या. ज्या मुलखाचे नाव या क्लबाने धारण केले होते तो मुलूख नकाशावरून पुसला गेला, त्याचे पूर्व पाकिस्तान झाले, आणि ‘ईस्ट बंगाल’ हे दोन शब्द कलकत्त्यात केवळ क्लबाच्या तंबूपुरते आणि लाल-पिवळ्या बनियनींपुरते जिवंत राहिले. शिधापत्रिका, भाड्याची खोली, नोकरीचा अर्ज या प्रत्येक ठिकाणी ज्याला निर्वासित म्हणून उभे राहावे लागत होते, त्याला आपण कोणाच्या तरी बरोबरीचे आहोत असे वाटण्याची एकच जागा होती, आणि ती मैदानावर होती.

शहरातील मूळचे पश्चिम बंगाली ते ‘घोटी’, आणि पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’. दोघांची बोली निराळी, स्वयंपाक निराळा, आणि विजयोत्सवाचे मासेही निराळे : ईस्ट बंगाल जिंकले की बाजारात हिलशाला मागणी येते, मोहन बागान जिंकले की मोठ्या कोळंबीला. गायक मन्ना डे मोहन बागानचे निस्सीम भक्त होते, तर संगीतकार सचिनदेव बर्मन यांचे मन मुंबईत राहूनही ईस्ट बंगालपाशी होते. हिंदी चित्रपटाच्या व्यवसायात आयुष्य गेलेल्या माणसांनाही जे सुटले नाही, ते सामान्य कारकुनाला किंवा गिरणीकामगाराला कसे सुटावे?

ज्या मैदानाचा उल्लेख वर आला त्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. फोर्ट विल्यम किल्ल्याच्या तोफांना मारा करण्यास आडकाठी होऊ नये म्हणून सभोवतालची विस्तीर्ण जमीन इंग्रजांनी मोकळी ठेवली, आणि आजही तिचा ताबा लष्कराकडे आहे. तेथे पक्के बांधकाम करण्यास परवानगी नसल्यामुळे मोठमोठ्या क्लबांची कचेरीसुद्धा ‘तंबू’ याच नावाने ओळखली जाते, आणि प्रेक्षकांसाठी लाकडी फळ्यांच्या गॅलऱ्या असत. सत्तरीच्या दशकात मोठ्या सामन्याच्या दिवशी पहाटेपासून तिकिटांच्या रांगा लागत. घोडेस्वार पोलिसांचा बंदोबस्त असे. ज्यांना आत शिरणे जमत नसे ते किल्ल्याच्या उंचवट्यावर किंवा झाडांवर चढून जेवढे दिसेल तेवढे पाहत, आणि पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसवून केलेले पेरिस्कोप भिंतीपलीकडचा खेळ पाहण्यासाठी विकत मिळत. उरलेले सारे शहर रेडिओभोवती बसे. अजय बसू आणि पुष्पेन सरकार यांच्या बंगाली समालोचनावर वाढलेली ती पिढी आहे. सामना डोळ्यांनी न पाहता प्रत्येक चढाई मनात रेखाटण्याची कला त्यांना त्या आवाजांनी शिकवली.

१९७५ सालच्या ईस्ट बंगालच्या संघामागे प्रदीपकुमार बॅनर्जी हे प्रशिक्षक होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे नेतृत्व केलेले आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात खेळलेले हे गृहस्थ. खेळाडू म्हणून ते कलकत्त्याच्या तीन बड्या क्लबांपैकी एकाही क्लबात कधी गेले नाहीत. ईस्टर्न रेल्वेच्या संघातच त्यांची बहुतेक कारकीर्द गेली, आणि १९५८ साली त्या संघाने लीगही जिंकली. सामन्यापूर्वी खेळाडूंना जे भाषण ते देत त्याला मैदानावर ‘व्होकल टॉनिक’ असे नाव पडले होते. त्यांच्या हाताखाली १९७२ पासून ईस्ट बंगालने शील्ड दरवर्षी जिंकली होती, आणि १९७५ साली लीगचे विजेतेपदही लागोपाठ सहाव्या वर्षी मिळवून मोहमेडन स्पोर्टिंग या तिसऱ्या बड्या क्लबाचा १९३४ ते १९३८ या पाच वर्षांचा विक्रम मागे टाकला होता. मोहन बागानच्या गोटात या साऱ्या काळात केवढी घुसमट साचली असेल, याची कल्पना करता येते. शील्डचा अंतिम सामना हा त्या वर्षीचा हिशेब चुकता करण्याचा मोठा प्रसंग होता. दुर्गापूजा तोंडावर आली होती, आणि सणाच्या तोंडावर मिळालेला विजय मंडपामंडपांतून साजरा होणार होता.

पाचव्या मिनिटाला सुरजित सेनगुप्ता यांनी पहिला गोल केला. हुगळीकडून आलेला हा उजव्या बगलेचा खेळाडू दोनच वर्षांपूर्वी मोहन बागानकडून खेळत होता. त्याच्या पायांत घाई नसे, पण चेंडू पायाला बांधल्यासारखा चाले. भारतीय फुटबॉलमध्ये देखण्या खेळासाठी ज्यांचे नाव घ्यावे अशा थोड्या जणांत त्याची गणना होते. चोविसाव्या मिनिटाला श्याम थापा यांनी दुसरा गोल केला. थापा ईस्ट बंगालमध्ये आले होते ते आपल्या मुंबईच्या मफतलाल संघातून, म्हणून तेथील कूपरेज मैदानावरच्या प्रेक्षकांनी त्यांचा खेळ आधीच डोळे भरून पाहिलेला होता. अडतिसाव्या मिनिटाला रणजित मुखर्जी यांचा तिसरा. मध्यंतराला तीन-शून्य.

मध्यंतरानंतर पराभूत संघ दोन गोष्टी करू शकतो : बचाव घट्ट करून आणखी नामुष्की टाळणे, किंवा सर्वस्व पणाला लावून पुढे जाणे. यांपैकी काही ठरण्यापूर्वीच एक्कावन्नाव्या मिनिटाला थापा यांनी आपला दुसरा आणि संघाचा चौथा गोल केला. मोहन बागानचे गोलरक्षक भास्कर गांगुली तेव्हा कोवळ्या वयाचे होते. चौथा गोल झाल्यावर त्यांना बाहेर काढण्यात आले आणि प्रशांत मित्र आत गेले. हजारो लोकांच्या समोर, आपल्याच पक्षाच्या गॅलरीच्या देखत, हातमोजे काढीत कडेला चालत येणाऱ्या त्या तरुणाला काय वाटले असेल, ते या खेळात गोलरक्षक होऊन उभे राहिल्याशिवाय कळणे कठीण आहे. कारण पुढच्या फळीची चूक विसरली जाते, मधल्या फळीची क्षम्य ठरते, आणि गोलरक्षकाची मात्र फलकावर लिहिली जाते. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला शुभंकर सान्याल यांनी पाचवा गोल केला. थापा यांची एक पेनल्टी वाया गेली होती. नाहीतर आकडा सहावर गेला असता.

त्या रात्री शहराच्या एका भागात मशाली पेटल्या आणि दुसऱ्या भागात चुली पेटल्या नाहीत, असे वर्णन बंगालमध्ये ऐकू येते. मशाल ही ईस्ट बंगालची निशाणी आहे. मोहन बागानच्या काही खेळाडूंना संतप्त समर्थकांच्या भीतीने घरी जाता आले नाही आणि त्यांनी गंगेवर नावेत रात्र काढली, ही आठवण पुढे त्या पिढीकडून वारंवार सांगितली गेली. परंतु त्या पराभवाची सर्वांत दुःखद नोंद वेगळीच आहे. मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने आत्महत्या केली, आणि पुढच्या जन्मी मोहन बागानचा खेळाडू होऊन या पराभवाची भरपाई करीन, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली. ही घटना निष्ठेचा परमोच्च पुरावा म्हणून गौरवाने सांगण्याची एक प्रथा पडली आहे, आणि ती मला सर्वथा अमान्य आहे. ज्या खेळाने निराधार माणसाला उभे राहण्यास आधार दिला, त्याच खेळाच्या नावावर एका मुलाचा जीव गेला, हे लांच्छन आहे. त्याला भक्तीचे वस्त्र पांघरून ते झाकता येत नाही.

पुढे काय झाले ते पाहिले, म्हणजे या दोन क्लबांमधले वैर किती विलक्षण धाग्यांनी विणलेले आहे हे ध्यानात येते. त्या काळी कलकत्त्यात हंगामापूर्वी ‘दलबदल’ होत असे. क्लब बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूने आय. एफ. ए. च्या कचेरीत जातीने हजर राहून सही करावयाची असा शिरस्ता होता, त्यामुळे सहीच्या दिवसापर्यंत खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नये म्हणून त्याला कोणाच्या तरी घरात दडवून ठेवण्याची जबाबदारी क्लबाच्या विश्वासू माणसांवर असे, आणि सहीच्या दिवशी मोटारींच्या ताफ्यासह त्याला कचेरीपर्यंत पोचवले जाई. या दलबदलाच्या वाटेने ज्यांनी मोहन बागानला पाच गोलांनी लोळवले, ते प्रदीपकुमार बॅनर्जी लगेच १९७६ साली मोहन बागानचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षीच्या लीगमध्ये ईस्ट बंगालविरुद्ध खेळ सुरू झाल्यापासून सतराव्या सेकंदाला मोहम्मद अकबर यांनी गोल केला, आणि तेवढ्या एका गोलावर मोहन बागानने सामना जिंकला. १९७७ मध्ये श्याम थापाही मोहन बागानमध्ये आले. त्या वर्षीच्या शील्डच्या अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोन क्लब भेटले, मोहन बागानने एका गोलाने विजय मिळवला, आणि गोल थापांचाच होता. त्या हंगामात शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स हे तिन्ही चषक मोहन बागानच्या तंबूत गेले. याउलट, ज्यांच्यावर चार गोल झाले होते ते भास्कर गांगुली ईस्ट बंगालमध्ये गेले, तेथे देशातील पहिल्या दर्जाचे गोलरक्षक ठरले, आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत भारताचे कर्णधार झाले. १९७५ च्या त्या संध्याकाळी जो निकाल लागला तो गांगुली यांच्या क्षमतेचा निकाल नव्हता, हे काळाने असे निःसंदिग्धपणे सिद्ध केले.

खेळाडू इकडून तिकडे गेले. समर्थक मात्र जन्मतःच ठरलेले राहिले, आणि त्यांच्यातील तेढ अधिकाऱ्यांनी वेळीच ओळखली नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर लीगचा सामना चालू असताना दोन खेळाडूंमधील धक्काबुक्कीचे लोण प्रेक्षकांत पसरले, दोन्ही बाजूंचे लोक एकाच गॅलरीत मिसळून बसलेले होते, आणि चेंगराचेंगरीत सोळा जण मृत्यू पावले. सामना पाहायला म्हणून घरून निघालेली ही तरुण मुले होती. तेव्हापासून १६ ऑगस्ट हा दिवस बंगालमध्ये फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी रक्तदान होते. मोठे सामने पुढे १९८४ मध्ये उघडलेल्या सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर गेले. तेथे १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यासाठी सव्वा लाखाहून अधिक लोक जमले, आणि बायचुंग भुतिया यांच्या तीन गोलांच्या बळावर ईस्ट बंगालने चार-एक असा विजय मिळवला. ३ सप्टेंबर २०२३ रोजी ड्युरँडच्या अंतिम सामन्यात दहाच खेळाडू उरले असताना दिमित्री पेत्रातोस यांच्या गोलावर मोहन बागानने ईस्ट बंगालला नमवले.

१८ ऑगस्ट २०२४ रोजी व्हावयाचा या दोन क्लबांचा ड्युरँडचा सामना रद्द झाला. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरवरील अत्याचार आणि हत्येमुळे शहर पेटून उठले होते आणि सुरक्षेचे कारण पुढे करण्यात आले. तथापि ज्या दिवशी सामना व्हायचा होता त्याच दिवशी लाल-पिवळे आणि हिरवे-किरमिजी सदरे घातलेली माणसे, आणि त्यांच्याबरोबर मोहमेडन स्पोर्टिंगचे समर्थक, पोलिसांचा लाठीमार सोसत स्टेडियमबाहेर एकत्र उभी राहिली आणि त्यांनी न्यायाची मागणी केली. पाच-शून्यच्या दिवशी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्यांची ही मुले आणि नातवंडे होती. ज्यांना या खेळातील निष्ठा म्हणजे निव्वळ आंधळेपणा वाटतो, त्यांनी या एका प्रसंगाचा विचार करावा.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात हिस्सा होता, आणि तो आपण गमावून बसलो आहोत. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा कूपरेजवर भरत असे. हिवाळ्यात हे दोन्ही क्लब मुंबईत येत, आणि १९७२ साली अंतिम सामन्यात ते भेटले तेव्हा अखेर दोघांनाही संयुक्त विजेते ठरवावे लागले. गिरण्यांचे, बँकांचे आणि कंपन्यांचे संघ याच स्पर्धेसाठी तयार होत. श्याम थापा यांच्यासारखा खेळाडू मुंबईत आला, त्यामागेही त्या कंपनी-संघांचा आश्रय होता. २००० - ०१ नंतर ही स्पर्धा भरलेली नाही. ज्यांच्या हाती महाराष्ट्रातील फुटबॉलचा कारभार आहे त्यांना, आणि कूपरेजच्या आठवणी ज्यांच्यापाशी अद्याप आहेत त्या सर्वांना, माझी विनंती आहे, की रोव्हर्स चषक पुन्हा सुरू करण्याची तजवीज करावी, कोल्हापूरच्या तालमींना आणि गोव्याच्या क्लबांना तिचे आमंत्रण द्यावे, आणि कलकत्त्याच्या या दोन्ही संघांना पुन्हा एकदा मुंबईत बोलवावे.